जुन्या शिडाच्या जहाजांची विक्री आणि गोदीची निवड : मुंबई गोदीच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

सारांश

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील मुंबई गोदीचा इतिहास प्रामुख्याने नव्या जहाजांच्या जलावतरणाच्या नोंदींवरून लिहिला गेला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात याच जहाजांच्या नंतरच्या आयुष्याकडे, म्हणजे त्यांच्या फेरविक्रीकडे, लक्ष वेधले आहे. जहाज नवे असताना गोदीविषयी जे बोलले जाते ते बहुधा आश्वासन असते. तेच जहाज वीस-तीस वर्षांनी विकावयास निघाले की त्या आश्वासनाची परीक्षा होते. 'स्वॅलो', 'सर एडवर्ड ह्यूज', 'कॉर्नवॉलिस' आणि 'त्रिंकोमाली' या चार जहाजांच्या आधारे हा मुद्दा तपासला असून या पुराव्याच्या मर्यादाही नोंदवल्या आहेत.

बीजशब्द : मुंबई गोदी, वाडिया घराणे, सागवान, जहाजांची फेरविक्री, ईस्ट इंडिया कंपनी, त्रिंकोमाली.

१. प्रस्तावना

मुंबई गोदीविषयी आपल्या अभ्यासक्रमांत जे शिकवले जाते ते साधारणपणे दोन वाक्यांत संपते. वाडिया घराण्याने मुंबईत तीनशेहून अधिक जहाजे बांधली, हे पहिले वाक्य. ही जहाजे सागवानी असल्यामुळे दीर्घकाळ टिकली, हे दुसरे. पहिल्या विधानाला जलावतरणाच्या याद्यांचा भक्कम आधार आहे. दुसरे विधान मात्र बहुतेक वेळा अभिमानाच्या सुरात केले जाते व तेथेच सोडून दिले जाते. जहाज टिकले, हे कोणी ठरवले? कोणत्या व्यवहारात ठरवले? त्या टिकाऊपणाचा लाभ कोणाच्या पदरात पडला? हे प्रश्न विचारले जात नाहीत.

या प्रश्नांची उत्तरे जुन्या जहाजांच्या खरेदी-विक्रीत सापडू शकतात, अशी या निबंधाची भूमिका आहे. शिडाच्या जहाजाचा मालक आयुष्यात दोन मोठे निर्णय घेत असे. जहाज कोणत्या गोदीत बांधावे वा दुरुस्तीसाठी न्यावे हा एक, आणि ते केव्हा, कोणास व कोणत्या स्थितीत विकावे हा दुसरा. हे दोन्ही निर्णय वरवर पाहता वेगळे वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या निर्णयाचे गुणदोष दुसऱ्याच्या वेळी उघड होत असत. नवीन रंगाखाली लाकडाचा दोष झाकता येतो, पंचवीस वर्षांनंतर तो झाकता येत नाही.

२. गोदीची निवड : प्रथम कारागीर, मग गोदी

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत जहाजबांधणी सुरू करण्याचा जो निर्णय घेतला त्याचा आरंभ सुरतेत झाला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम किनाऱ्यावर जहाज बांधून घ्यावयाचे तर सुरतेस जावे लागे. १७३५ मध्ये कंपनीच्या वतीने डडली नावाचा अधिकारी 'क्वीन' हे जहाज बांधून घेण्यासाठी तेथे गेला. तेथील धनजीभाई नामक जहाजबांधणीकाराच्या हाताखाली लवजी नसरवानजी वाडिया हे मुकादम म्हणून काम पाहत होते. डडलीने त्यांना मुंबईस येण्याचा आग्रह केला. आपले यजमान संमती देत नाहीत आणि हाती घेतलेले जहाज पूर्ण होत नाही तोवर आपण येणार नाही, असे लवजींनी सांगितल्याचा वृत्तान्त उपलब्ध आहे. १७३६ मध्ये ते काही सुतारांसह मुंबईस आले.

या प्रसंगाकडे लवजींच्या सचोटीची कथा म्हणून पाहण्याची प्रथा आहे आणि ती गैर नाही. परंतु ग्राहकाच्या बाजूने पाहिले असता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या वेळी मुंबईत नाव घेण्याजोगी गोदी नव्हती. कंपनीने आधी कारागीर निवडला आणि त्याच्यासाठी गोदी उभी केली. पहिली सुकी गोदी १७५० मध्ये तयार झाली. १७६२ व १७६५ मध्ये तिला लागून आणखी दोन गोद्या बांधण्यात आल्या. डंकन गोदीचे काम १८०७ ते १८१० या काळात पूर्णत्वास गेले. १७७४ मध्ये लवजींचे निधन झाल्यावर माणेकजी व बमनजी हे पुत्र, त्यानंतर जमशेटजी बमनजी आणि पुढील पिढ्या असा मास्टर बिल्डरपदाचा वारसा १८८४ पर्यंत एका घराण्यात चालला. जहाज बांधणाऱ्याचा मुलगा किंवा नातू तेच जहाज पुढे दुरुस्त करीत असे. स्वतःच्या घराण्याचे काम पुन्हा नजरेखाली येणार, ही जाणीव गुणवत्तेची एक प्रकारची हमीच होती.

३. लाकूड, सांधे आणि भरती

मुंबईच्या निवडीमागे भौतिक कारणेही होती. पहिले कारण सागवान. इंग्लंडमधील जहाजे प्रामुख्याने ओकची असत. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे व बोल्ट गंजतात आणि त्यांच्याभोवतीचे लाकूडही खराब होते. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे लोखंड व लाकूड दोन्ही तुलनेने सुरक्षित राहतात. जहाज जुने झाले की प्रथम सांधे ढिले होतात, म्हणून हा फरक नव्या जहाजात जाणवत नसला तरी जुन्यात निर्णायक ठरतो. या लाकडासाठी कंपनी प्रामुख्याने मलबारच्या जंगलांवर अवलंबून होती. १८०६ मध्ये तेथे वनसंरक्षकाचे पद निर्माण करून कॅप्टन वॉटसन याची नियुक्ती झाली. त्याच्या मक्तेदारीविरुद्ध स्थानिक जमीनमालक व व्यापारी यांच्यात इतका असंतोष माजला की १८२३ मध्ये ते पद रद्द करावे लागले. मुंबईच्या जहाजांच्या टिकाऊपणाची किंमत कोणीतरी दूर मलबारात मोजत होते, हे विसरता येत नाही.

दुसरे कारण फळ्या जोडण्याची पद्धत. सुरतेच्या परंपरेत फळीच्या कडेला खाच पाडून ती दुसऱ्या फळीत घट्ट बसवीत असत व सांध्यात कापूस आणि राळ भरीत. नुसत्या कडेला कड लावून मधील फट बुजवण्याच्या पद्धतीपेक्षा हे काम वेळखाऊ होते, पण सांधा अधिक काळ पाणी धरून ठेवी.

तिसरे कारण मुंबई बंदरातील भरती-ओहोटी. उधाणाच्या वेळी येथे पाणी चौदा फुटांहून अधिक चढते-उतरते. भरतीला जहाज गोदीत घ्यावे, दार लावावे आणि ओहोटीनंतर तळ उघडा पडल्यावर काम सुरू करावे, ही सोय निसर्गाने दिली होती. जहाजाचा तळ पूर्ण उघडा करून तपासता येणे ही दुरुस्तीची जशी, तशीच खरेदी-विक्रीचीही पहिली अट असे. तांब्याच्या पत्र्याखाली काय दडले आहे हे पाहिल्याशिवाय शहाणा ग्राहक व्यवहार करीत नसे.

४. लंडनच्या बाजारातील जुने जहाज

जुन्या जहाजांचा बाजार लंडनमध्ये फार पूर्वीपासून होता. मेणबत्तीचा इंचभर तुकडा जळेपर्यंत बोली लावावयाची व ज्योत विझण्यापूर्वीची शेवटची बोली मान्य करावयाची, अशा लिलावाने नौदलाची जहाजे विकली जात. सॅम्युएल पेपिस याच्या १६६० मधील दैनंदिनीत त्याची नोंद आढळते. १७६० च्या दशकात लॉइड्सची जहाजनोंदवही सुरू झाल्यावर जहाजाचे वय, बांधणीचे ठिकाण व स्थिती यांवरून वर्गवारी होऊ लागली. विमा या वर्गावर अवलंबून असल्याने विक्रीची किंमतही त्यावर ठरू लागली.

ही वर्गवारी निःपक्षपाती नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवहीच्या चालकांनी जहाजाची प्रत्यक्ष अवस्था बाजूस सारून वय आणि बांधणीचे ठिकाण यांनाच प्राधान्य दिले व टेम्स नदीवरील गोद्यांना झुकते माप दिले. याने संतापलेल्या जहाजमालकांनी १७९९ मध्ये स्वतंत्र नोंदवही काढली. १८३४ मध्ये दोन्ही नोंदवह्या एकत्र येईपर्यंत हा वाद धुमसत राहिला. गोदीचे नाव हाच जहाजाचा दर ठरवणारा घटक बनला की गोदीची निवड ही तांत्रिक बाब न राहता राजकीय बाब होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

कंपनीच्या जहाजांची व्यवस्था आणखी निराळी होती. लंडनहून पूर्वेकडे जाणारी बहुतेक मोठी जहाजे कंपनी भाड्याने घेत असे. एका जहाजाने किती सफरी कराव्यात यावर मर्यादा असे. आरंभी ती चार सफरींची होती, पुढे सहापर्यंत वाढली. जहाज निकामी झाले की त्याच्या जागी नवे बांधण्याचा हक्क रूढीने त्याच मालकाकडे जाई. हा वंशपरंपरागत हक्क १७९६ मध्ये रद्द झाला. अशा व्यवस्थेत जहाज लवकर झिजणे कोणाच्या हिताचे होते, हे वेगळे सांगावयास नको. टेम्सकाठच्या गोद्यांचा धंदाच मुळी झिजणाऱ्या जहाजांवर चाले. दोन पिढ्या टिकणारे सागवानी जहाज हे त्यांच्या दृष्टीने स्पर्धक तर होतेच, पण त्याहून गंभीर बाब म्हणजे ते पुढील कित्येक मागण्या आधीच बुडवीत होते.

५. दोन जहाजांची साक्ष

मुंबईत १७७७ मध्ये बांधलेल्या 'स्वॅलो' या जहाजाचा प्रवास या संदर्भात उद्बोधक आहे. प्रथम ते कंपनीचे टपालजहाज म्हणून युरोपच्या फेऱ्या करीत होते. पुढे ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना विकले गेले. त्यानंतर ते ब्रिटिश नौदलाकडे आले. नौदलाकडून पुन्हा खासगी व्यापाऱ्यांकडे जाऊन ते अखेर मुंबईच्या व्यापारात परतले. १८२३ मध्ये हुगळी नदीतील वाळूच्या दांड्यावर आदळून त्याचा अंत झाला. म्हणजे शेहेचाळीस वर्षांत या जहाजाने अनेकदा मालक बदलले आणि तरीही जीर्ण म्हणून ते मोडीत निघाले नाही. प्रत्येक विक्रीच्या वेळी कोणीतरी परक्या माणसाने त्याचे लाकूड पाहून स्वतःचे पैसे त्यात घातले होते. गोदीच्या लौकिकाचा याहून निरपेक्ष साक्षीदार मिळणे कठीण.

दुसरे उदाहरण 'सर एडवर्ड ह्यूज' या जहाजाचे. लेफ्टनंट कर्नल वॉकर याने १८११ मध्ये लिहिलेल्या टिपणात त्याचा उल्लेख केला असून राधाकुमुद मुखर्जी यांच्या १९१२ च्या भारतीय नौकानयनविषयक ग्रंथापासून हे टिपण अभ्यासकांना परिचित आहे. वॉकरचे प्रतिपादन थोडक्यात असे : ब्रिटिश नौदलाला आपली जहाजे सुमारे बारा वर्षांनी बदलावी लागतात, सागवानी जहाजे मात्र पन्नास वर्षे वा अधिक टिकतात. युरोपात बांधलेले कंपनीचे जहाज सहा सफरींपलीकडे सुरक्षित राहत नाही. 'सर एडवर्ड ह्यूज'ने मात्र आठ सफरी केल्या आणि त्यानंतर नौदलाने ते विकत घेतले. शिवाय मुंबईचे जहाज इंग्लंडमधील जहाजापेक्षा एक-चतुर्थांशाने स्वस्त पडते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वॉकर मुंबईच्या नव्या जहाजांचे गुणगान करीत बसत नाही. त्याचा सारा युक्तिवाद वापरून झालेल्या व फेरविक्री झालेल्या जहाजावर उभा आहे. विक्रीस काढलेले जहाज हा गोदीचा सर्वांत विश्वसनीय नमुना होय, हे त्याने ओळखले होते.

६. खरेदीकडून मागणीकडे

ब्रिटिश नौदलाची मुंबईशी जवळीक कशी वाढली ते पाहिले असता हाच क्रम आढळतो. जमशेटजी बमनजी यांच्या कारकिर्दीत १८०० मध्ये बांधलेले 'कॉर्नवॉलिस' हे जहाज नौदलाने १८०५ मध्ये विकत घेतले. याच नावाचे दुसरे जहाज बांधावयाचे असल्याने १८११ मध्ये त्याचे नाव 'अकबर' असे बदलण्यात आले. याच दशकात नौदलाने मुंबईकडे स्वतंत्र मागणी नोंदवावयास सुरुवात केली. १८१० मध्ये ७४ तोफांचे 'मिंडेन' तयार झाले. ब्रिटनबाहेर बांधलेली ही ब्रिटिश नौदलाची पहिली आघाडीची युद्धनौका होय. १८१३ मध्ये नवे 'कॉर्नवॉलिस' आले. याच नौकेवर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. त्यापाठोपाठ 'वेलस्ली', 'गँजेस' व 'एशिया' या नौका आल्या. वापरलेल्या जहाजांची खरेदी आधी आणि आघाडीच्या युद्धनौकांची मागणी नंतर, असा हा क्रम आहे.

स्वस्ताईचा मुद्दा मात्र तपासून घ्यावयास हवा. १८१७ मध्ये जलावतरण झालेल्या 'त्रिंकोमाली' या फ्रिगेटच्या बांधणीस २३,००० पौंड खर्च आला. ती इंग्लंडला पोहोचवण्यास आणखी ६,६०० पौंड लागले. हा खर्च बांधणीच्या सुमारे २९ टक्के भरतो. इंग्लंडमधील जहाजाची किंमत १०० धरली आणि वॉकरच्या म्हणण्याप्रमाणे मुंबईची ७५ मानली, तर हा पोहोच खर्च जमेस धरता ती ९६ ते ९७ पर्यंत जाते. हे गणित एका जहाजापुरते आहे, हे मान्य. तरीही त्यावरून एवढे म्हणता येते की, खरेदीच्या दिवशी मुंबईचे जहाज फारसे स्वस्त उरत नव्हते. खरा लाभ होता तो त्याच्या आयुष्यात. तो हिशेब करावयाचा तर जहाजाच्या शेवटच्या विक्रीपर्यंत थांबणे भाग होते.

या लाभावर पुढे कायद्याने मर्यादा आली. नौकानयन कायद्यांनुसार ब्रिटिश जहाजावर तीन-चतुर्थांश खलाशी ब्रिटिश असणे आवश्यक होते. १८२३ च्या कायद्याने भारतीय लास्कर खलाशी ब्रिटिश प्रजाजन असूनही या मोजणीत 'ब्रिटिश खलाशी' धरले जाणार नाहीत, असे ठरवले. ज्या माणसांनी जहाज इंग्लंडपर्यंत आणले त्यांनाच घेऊन तेथून परतणे अवघड झाले. जहाज तेच, लाकूड तेच, परंतु लंडनच्या बाजारात ते बाळगणे अधिक खर्चाचे ठरले. पुढे वाफेची व लोखंडी जहाजे आल्यावर सागवानाचे श्रेष्ठत्वच अप्रस्तुत झाले.

७. पुराव्याच्या मर्यादा

फेरविक्रीचा पुरावा महत्त्वाचा असला तरी तो सावधपणे वापरावयास हवा. एक तर वॉकर कंपनीचा अधिकारी होता आणि तो एक बाजू मांडत होता. दुसरे असे की, जी जहाजे टिकली त्यांचीच चरित्रे आपणास ज्ञात आहेत. पहिल्याच वादळात बुडालेल्या सागवानी जहाजाची फेरविक्री झाली नाही, म्हणून ते या पुराव्यात येत नाही. तिसरे, आयुष्याची वर्षे म्हणजे सेवेची वर्षे नव्हेत. 'त्रिंकोमाली' १८१९ मध्ये इंग्लंडला पोहोचली आणि १८४५ पर्यंत राखीव म्हणून नांगरून ठेवण्यात आली. तिच्या दीर्घायुष्याचे काही श्रेय या विश्रांतीला द्यावे लागेल.

चौथी मर्यादा अधिक मूलभूत आहे. विक्रीच्या कागदपत्रांत मालक, दलाल, कप्तान आणि मास्टर बिल्डर यांची नावे येतात. खाच पाडणारे सुतार, सांध्यांत कापूस ठोकणारे कामगार, लाकूड वाहणारे मजूर यांची नावे येत नाहीत. रतनजी अर्देशिर वाडिया यांच्या १९५५ च्या ग्रंथामुळे घराण्याचा इतिहास सुसंगतपणे उपलब्ध झाला. कामगारांचा इतिहास त्या प्रमाणात लिहिला गेलेला नाही. त्यांच्यासाठी कागदाऐवजी त्यांनी घडवलेली वस्तूच वाचावी लागते. म्हणून असे एखादे जहाज शिल्लक राहणे, याला इतिहासाच्या दृष्टीने विशेष मोल आहे.

८. 'त्रिंकोमाली' : भंगाराच्या दरातून वाचलेला दस्तऐवज

सुदैवाने असे एक जहाज शिल्लक आहे. 'त्रिंकोमाली'ने १८४७ नंतर वेस्ट इंडीज व पॅसिफिक भागांत सेवा बजावली. पुढे ती प्रशिक्षण नौका झाली. मे १८९७ मध्ये नौदलाने ती पोर्ट्समथ येथील एका जहाज मोडणाऱ्या व्यावसायिकास विकली. ऐंशी वर्षांच्या नौकेचा हा स्वाभाविक शेवट ठरला असता.

याच सुमारास व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी नेल्सनचे जुने ध्वजजहाज 'फुद्रॉयंट' जहाजमोड्यांकडून सोडवून मोठ्या खर्चाने दुरुस्त केले होते. खर्च भरून काढण्यासाठी ते किनाऱ्यावरील गावोगावी प्रदर्शनार्थ फिरवले जात असता, जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलजवळ वादळात सापडून फुटले. त्याच्या जागी कॉब यांनी मोडीत निघालेली 'त्रिंकोमाली' विकत घेतली आणि तिलाही 'फुद्रॉयंट' हेच नाव दिले. ओकच्या जहाजाची जागा मुंबईच्या सागवानाने अशी घेतली. पुढे सुमारे नव्वद वर्षे ही नौका तरुणांच्या प्रशिक्षणासाठी वापरात राहिली. १९८७ मध्ये ती हार्टलपूल येथे नेण्यात आली, १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले आणि २००१ पर्यंत तिची पुनर्बांधणी पूर्ण झाली. तिचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे आहे. तरंगत्या स्थितीत असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका मानली जाते. जमशेटजींच्या सुतारांनी पाडलेल्या खाचा आज पाहावयाच्या तर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर जावे लागते.

याच्या उलट प्रवास केलेल्या एका नौकेची आठवण येथे ठेवणे उचित ठरेल. ब्रिटनमध्ये १९४५ मध्ये जलावतरण होऊन अपूर्ण राहिलेली 'हर्क्युलिस' ही विमानवाहू नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. ती पूर्ण करण्यासाठी बेलफास्टच्या गोदीची निवड झाली आणि १९६१ मध्ये ती 'विक्रांत' या नावाने भारतीय नौदलात आली. १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये लिलावात विकली जाऊन दारूखाना येथे तिचे तुकडे झाले. मुंबईने घडवलेली नौका इंग्लंडमध्ये वाचली, इंग्लंडकडून घेतलेली नौका मुंबईत मोडली गेली. पोलादी नौकेचा देखभाल खर्च अफाट असतो आणि तो निर्णय घेणाऱ्यांपुढील अडचणी खऱ्या होत्या, हे मान्य करूनही इतिहासाच्या शिक्षकास या दोन विक्रींची तुलना टाळता येणार नाही.

९. निष्कर्ष

१. गोदीच्या गुणवत्तेचा विश्वसनीय पुरावा जलावतरणाच्या समारंभापेक्षा जहाजाच्या फेरविक्रीत मिळतो, कारण तेथे खरेदीदाराचे स्वतःचे धन पणास लागलेले असते.

२. नौदलाने आधी मुंबईची वापरलेली जहाजे घेतली व त्यानंतर आघाडीच्या युद्धनौकांची मागणी नोंदवली, असा क्रम दिसतो.

३. मुंबईच्या जहाजांचा आर्थिक लाभ आरंभीच्या किमतीपेक्षा त्यांच्या आयुर्मानात होता. लंडनच्या हितसंबंधांचा विरोधही त्याच ठिकाणी तीव्र होता.

४. हा पुरावा टिकलेल्या जहाजांपुरता मर्यादित असून श्रमिकांविषयी तो जवळजवळ मूक आहे.

मुंबई गोदीवर अभिमान बाळगण्यास जागा आहेच. परंतु तो अभिमान जहाजांच्या संख्येवर न ठेवता त्यांच्या विक्रीपत्रांवर, दुरुस्तीच्या हिशेबांवर आणि विमा नोंदींवर आधारला, तर तो अधिक टिकाऊ होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकेका जहाजाचे जलावतरणापासून अखेरच्या लिलावापर्यंतचे चरित्र तयार करावयास दिले, तर स्थानिक इतिहास व जागतिक व्यापार यांचा सांधा त्यांना स्वतःच्या हातांनी उलगडून पाहता येईल.